काचोकावाल्लो सिलानो: पठार एक, प्रांत पाच

‘काचो’ म्हणजे चीज, ‘कावाल्लो’ म्हणजे घोडा. पण दक्षिण इटलीतलं हे चीज गाईच्या दुधाचं. घोडीचा इथे संबंध नाही. वरच्या निमुळत्या मानेला दोरी बांधलेले चीजचे दोन गोळे आडव्या काठीवर टाकतात आणि ते काठीवर मांड ठोकल्यासारखे लोंबतात. नावाची हीच उकल पटते. बाल्कनमधलं ‘काशकवाल’ याच शब्दाचं भावंड आहे. घट्ट झालेल्या दुधावर उकळतं पाणी ओतून हाताने आकार देण्याची रीत पहिल्या शतकातल्या रोमन शेतीग्रंथातही आढळते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटली एक झाल्यावर ही विद्या दक्षिणेतून पो नदीच्या खोऱ्यात गेली. तिथे याच कुळातलं प्रोव्होलोने हे चीज फोफावलं, काचोकावाल्लो मात्र दक्षिणेतच राहिलं.

खरा गुंता कायद्याने केला. १९५५ साली ‘काचोकावाल्लो’ला मान्यता मिळाली ती ठरावीक पद्धतीचं चीज म्हणून. १९९३ मध्ये मूळस्थानाचं संरक्षण द्यायची वेळ आली तेव्हा नुसतं नाव फारच सैल वाटलं, म्हणून ‘सिलानो’ जोडलं गेलं. १९९६ मध्ये त्यावर युरोपीय मोहर उमटली. सिला हे कलाब्रिया प्रांतातलं पठार. पण या नावाने चीज बनवण्याची मुभा कांपानिया, बाझिलिकाता, मोलीझे आणि पुल्याच्याही काही भागांना मिळाली. नाव एका डोंगराचं आणि हक्क पाच प्रांतांचा, ही तडजोड फार ढोबळ झाली. शिवाय गाईच्या जातीची अटही घातली नाही. त्यामुळे डोंगरात मोकळ्या चरणाऱ्या, थोडकंच दूध देणाऱ्या पोदोलिका गाईंचं काचोकावाल्लो या मोहरेबाहेर वेगळ्या नावाने विकलं जातं. ज्याला आधाराची गरज सर्वांत जास्त, तेच बाजूला पडलं.

कृतीबाबत मात्र नियम नेमके आहेत. दूध ३६ ते ३८ अंशांवर वासराच्या किंवा करडाच्या रेनेटने (जठरातल्या विरजणासारख्या द्रव्याने) घट्ट करतात, हेझलनटाएवढे तुकडे करतात आणि निवळीतच, म्हणजे सुटलेल्या पाण्यातच, काही तास आंबू देतात. मग चिमूटभर घेऊन उकळत्या पाण्यात बुडवून ओढायचं. लांब, चिवट, न तुटणारा धागा निघाला तर वेळ झाली. घाई केली तर धागा तुटतो, कारण आंबटपणा अजून पुरेसा कॅल्शियम सोडवत नाही. उशीर झाला तर उलट घडतं: कॅल्शियम जास्त निघून जातं, गोळा ढिला पडतो आणि आकार धरत नाही.

ताणताना आत पोकळी राहू द्यायची नाही आणि मानेचं टोक उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून बंद करायचं. फट राहिली की आत बुरशी शिरते. नंतर किमान सहा तास मिठाच्या पाण्यात ठेवून जोडी काठीवर चढते आणि निदान ३० दिवस तिथेच मुरते. एक गोळा १ ते २.५ किलोचा.