तोडफोडीचा बनाव (निवडणूककाळातील)

निवडणुकीच्या काळात एखाद्या वास्तूची, पक्षकार्यालयाची किंवा प्रचारफलकांची नासधूस करून तिचा आळ विरोधी पक्षावर जाईल अशा खुणा मागे ठेवणे, म्हणजे तोडफोडीचा बनाव. खूण बहुधा ढोबळच असते, कारण ती तपास अधिकाऱ्यासाठी नव्हे, तर छायाचित्रासाठी ठेवलेली असते.

अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या ग्रीनव्हिल येथील होपवेल बॅप्टिस्ट चर्चचे प्रकरण या संदर्भात नेहमी सांगितले जाते. १ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री, म्हणजे अध्यक्षीय मतदानाला आठवडा उरला असताना, कृष्णवर्णीयांच्या या शंभर वर्षांहून जुन्या चर्चला आग लावण्यात आली आणि बाहेरच्या भिंतीवर स्प्रेच्या रंगाने ‘व्होट ट्रम्प’ ही अक्षरे लिहिलेली आढळली. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची चर्च जाळण्याचा इतिहास जुना असल्यामुळे अर्थ लावायला कोणाला वेळ लागला नाही. शहराच्या महापौरांनी हा द्वेषमूलक गुन्हा असून मतदारांना धमकावण्याचा प्रकार असल्याचे म्हटले, एफबीआयही तपासात उतरली आणि पुनर्बांधणीसाठी २ लाख डॉलरहून अधिक वर्गणी जमली. २१ डिसेंबरला अटक झाली ती याच चर्चच्या एका कृष्णवर्णीय सदस्याला. पुढे त्याने गुन्हा कबूल केला.

मात्र या प्रकरणाला सरसकट पक्षीय कारस्थान म्हणणे चूक ठरेल. कृत्यामागे राजकीय हेतू दिसत नाही, ते राजकीय भासावे असा प्रयत्न मात्र झाला असावा, असे राज्याच्या विमा आयुक्तांनी अटकेच्या वेळी सांगितले होते. म्हणजे घोषणा हा निव्वळ आडपडदाही असू शकतो. बदनामी मात्र व्हायची ती झालीच, आणि खुलासा आला तो मतदानानंतर सहा आठवड्यांनी.

बनावाची सारी भिस्त या अंतरावर असते. मतदान ठरल्या दिवशी होते. पंचनामा, साक्षी आणि रासायनिक तपासणी आपल्या गतीने चालतात. याची उलट बाजूही तितकीच वापरली जाते: खरोखर हल्ला झाला असताना ‘हे त्यांनीच घडवून आणले’ असे म्हणून हात झटकणे. फुटलेल्या काचांवरून यातले काहीच ठरत नाही. रंगाचा डबा कोणी विकत घेतला, त्या रात्री कोणाचा फोन कुठे होता आणि इमारतीची किल्ली कोणाकडे होती, हे तपासावे लागते.