विद्युत व्हॅनची उच्चदाब बॅटरी केबल बदलणे

विद्युत व्हॅनच्या मुख्य बॅटरीतून जंक्शन बॉक्स किंवा इन्व्हर्टरकडे (बॅटरीचा डीसी प्रवाह एसी करून मोटरला देणारे यंत्र) प्रवाह नेणारी जाड, नारिंगी केबल काढून तिच्या जागी नवी बसवण्याचे काम. वाहनांच्या मानकांत ६० व्होल्टच्या वरचा डीसी (एकाच दिशेचा) आणि ३० व्होल्टच्या वरचा एसी (दिशा बदलत राहणारा) दाब उच्चदाब धरतात. भारतातील एआयएस-०३८ हे मानक आणि संयुक्त राष्ट्रांचा आर-१०० नियम या दोन्हींनुसार पेटीबाहेरून जाणाऱ्या अशा केबलींचे आवरण नारिंगीच असावे लागते. काही लहान मालवाहू गाड्या ७२ व्होल्टच्या आसपास चालतात, तर मध्यम व्हॅनमध्ये दाब ३०० ते ४०० व्होल्ट असतो. लिथियम आयर्न फॉस्फेटचे १०० सेल एकसरीत जोडले तर नाममात्र दाब ३२० व्होल्ट होतो आणि पूर्ण चार्ज झाल्यावर तो ३६५ व्होल्टपर्यंत जातो. नटबोल्ट खोलणे हा या कामाचा सोपा भाग आहे. केबलीत दाब उरलेला नाही हे मोजून सिद्ध करणे हाच खरा भाग.

केबलीचा गाभा बारीक तांब्याच्या तारांचा असून छेद साधारण ३५ ते ९५ चौ. मिमी असतो. त्यावर क्रॉसलिंक्ड पॉलिओलेफिन किंवा सिलिकॉन रबरचे इन्सुलेशन, मग तांब्याच्या जाळीचे शील्ड आणि सर्वांत बाहेर नारिंगी आवरण असते. इन्व्हर्टरचा विद्युत गोंगाट शील्ड आत कोंडून ठेवते. ते कपलरपाशी, म्हणजे केबलीच्या टोकाच्या प्लगपाशी, नीट पकडले नसेल तर रेडिओ खरखरतो आणि कधीकधी नियंत्रण यंत्रणांचे संदेशही बिघडतात. कपलरमध्ये जाड पिनांसोबत इंटरलॉकची एक पातळ जोडी असते. कपलर काढताना ती आधी सुटते आणि तिच्या सुटण्याने बॅटरीतील कॉन्टॅक्टर (मोठे विद्युत स्विच) उघडतात. हा शेवटचा आधार आहे. त्याच्या भरवशावर चालू गाडीचा कपलर ओढायचा नसतो. डीसी प्रवाह शून्यातून जात नाही, त्यामुळे पेटलेली ठिणगी आपोआप विझत नाही.

गोव्यात केबल का बिघडते

कारखान्यातून आलेली केबल आपणहून क्वचितच जाते. तिला बाहेरून मारणाऱ्या गोष्टी गोव्यात मात्र भरपूर आहेत. सर्वांत वाईट अवस्था मासळीच्या व्हॅनची. पेट्यांतला बर्फ वितळून खारे पाणी मागच्या तळावर साचते, तळाच्या बोल्टांच्या भोकांतून खाली झिरपते आणि बॅटरीच्या कपलरवर ठिबकत राहते. सील कडक झाले की तेच पाणी आत शिरते. ते सुकते, पण मीठ राहते. हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलेच पाणी ओढून ओले होते आणि पिन व शील्ड यांच्यामध्ये वाहक थर तयार होतो. जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ या पातळीच्या वरच असते. म्हणून पहाटे मडगावच्या बाजारात ‘इन्सुलेशन दोष’ दाखवून अडून बसलेली व्हॅन दुपारी उन्हात निमूट सुरू होते, आणि मालकाला वाटते दोष गेला. कपलर उघडून पाहिला तर पिनेच्या मुळाशी हिरवट साय आणि सीलच्या कडेला पांढरी रेघ दिसते.

दिवाडी, चोडण अशा बेटांवर फेरीबोटीने ये-जा करणाऱ्या गाड्यांना धक्क्याच्या उतारावर खारे पाणी लागते. घरी येऊन खालून गोड्या पाण्याने धुणे एवढाच त्यावर उपाय आहे, तोही प्रेशर पंपाचा फवारा थेट कपलरवर न मारता. डिचोली-सांगेकडच्या खनिजपट्ट्यात लाल चिखल क्लिपांमध्ये वाळून वाळूच्या कागदासारखा घासतो. पावसात आडोशाला आलेले उंदीर आवरण कुरतडतात. गतिरोधकावर तळ आपटून कंड्युट (केबलीवरची संरक्षक नळी) चेपणे तर नेहमीचेच.

आधी दोष कोठे आहे ते शोधणे

इन्सुलेशन दोष दिसला की केबल मागवायची घाई होते. पण त्याच उच्चदाब वाहिनीवर वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर, हीटर, डीसी-डीसी कन्व्हर्टर आणि चार्जरही जोडलेले असतात, आणि गळती कॉम्प्रेसरमध्येच निघण्याचे प्रमाण कमी नाही. गाडी पुढे दिलेल्या रीतीने पूर्ण बंद करून एकेक शाखा वेगळी करून मोजावी. आर-१०० नुसार डीसी वाहिनीचा इन्सुलेशन रोध दर व्होल्टला किमान १०० ओहम आणि डीसी-एसी एकत्र जोडलेल्या वाहिनीचा किमान ५०० ओहम हवा, म्हणजे ४०० व्होल्टच्या गाडीत अनुक्रमे ४० व २०० किलोओहम. ही संपूर्ण गाडीची किमान मर्यादा झाली. सुटी, कोरडी, नवी केबल शेकडो मेगाओहम दाखवते. एकटी केबल एक-दोन मेगाओहमवर आली असेल तर नियमात बसते म्हणून ठेवण्यात अर्थ नाही, पुढच्या पावसात ती गाडी थांबवणारच.

आवरणाला नख लागेल एवढी चीर, दिसणारे शील्ड, काळवंडलेला लग (टोकाला बोल्टाने बसणारा धातूचा डोळा) किंवा वितळलेले कपलर यांपैकी काहीही दिसले तर केबल बदलावी. टेप गुंडाळणे किंवा मध्येच कापून जोड देणे येथे चालत नाही. आणखी एक मोह सांगायलाच हवा. बाजारात नारिंगी रंगाचीच, ५० किंवा ७० चौ. मिमीची वेल्डिंग केबल मिळते आणि ती स्वस्तही असते. पण ती साधारण १०० व्होल्टच्या वापरासाठी असते आणि तिला शील्ड नसते. रंग जुळला म्हणून केबल जुळत नाही. चासी क्रमांक देऊन कंपनीची तयार जुळणी मागवावी, सोबत नवी सील, क्लिपा आणि एकदाच वापरायचे बोल्ट असतील तर तेही. काही गाड्यांत केबल ॲल्युमिनियमची असते; तिच्या जागी तांब्याची किंवा उलट बसवू नये.

साधने आणि जागा

हातमोजे क्लास ० चे, म्हणजे १००० व्होल्ट एसी व १५०० व्होल्ट डीसीपर्यंतचे, वरून चामड्याचे. प्रत्येक वेळी मनगटाकडून गुंडाळत हवा कोंडून पाहावी. सूक्ष्म भोक असेल तर फुगा बसतो. असे मोजे फेकून द्यावेत. चांगल्या मोज्यांचीही दर सहा महिन्यांनी प्रयोगशाळेत चाचणी व्हावी लागते. गोव्याच्या दमट हवेत रबर लवकर चिकट होते, म्हणून वापरानंतर शंखजिरे लावून मोजे न दुमडता ठेवतात. चेहऱ्यावर फेस शील्ड, अंगावर सुती कपडे, हातात अंगठी-कडे नाही, गळ्यात साखळी नाही. सीएटी-३, १००० व्होल्ट दर्जाचा मल्टिमीटर, ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र), मिलिओहम मीटर, इन्सुलेटेड पाने, टॉर्क रेंच आणि माणसाला ओढून बाजूला करण्यासाठी इन्सुलेटेड आकडा लागतो.

जागा कोरडी हवी. पत्र्यातून ठिबकणाऱ्या शेडमध्ये भर पावसात हे काम काढू नये. गाडीभोवती दोरी बांधून फलक लावावा. दुसरा माणूस हजर असावा, आणि त्याला आकडा वापरता यावा व छातीदाब देता यावा. धक्का बसलेल्याला हाताने धरायचे नाही. आधी आकड्याने सोडवायचे, श्वास नसेल तर छातीदाब सुरू करून १०८ ला फोन करायचा. माणूस उठून चालू लागला तरी त्याचा ईसीजी काढून घ्यावा, कारण हृदयाचा ठोका नंतरही बिघडू शकतो.

दाब काढणे

चार्जिंग गन काढावी, गाडी बंद करावी आणि चावी गाडीपासून निदान पाच मीटर दूर, कुलपात ठेवावी. चावी जवळ असली तर बटणाच्या गाड्या चुकून जाग्या होतात. मग १२ व्होल्टच्या बॅटरीचे ऋण टोक सोडून त्यावर टोपी घालावी. हातमोजे घालून सर्व्हिस प्लग (बॅटरीची साखळी हाताने तोडणारा प्लग) काढावा आणि तो काम करणाऱ्यानेच आपल्याजवळ ठेवावा, टेबलावर नाही.

आता थांबायचे, साधारण १० मिनिटे किंवा गाडीच्या पुस्तकात असेल तेवढे. इन्व्हर्टरमधील कपॅसिटर भरलेले असतात. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४०० व्होल्टवर ८० जूल ऊर्जा धरून असतो आणि तेवढी जिवावर बेतू शकते.

नंतर मोजणी. मीटर आधी माहितीच्या दाबावर तपासावा, मग उच्चदाब टोकांवर धन-ऋण, धन-चासी, ऋण-चासी अशी तीन मापे घ्यावीत आणि शेवटी मीटर पुन्हा त्याच माहितीच्या दाबावर तपासावा. ही शेवटची पायरी गाळण्याची सवय फार आहे. प्रोबची वायर आत तुटली असेल तर मीटर सगळीकडे शून्यच दाखवतो. मापे केबलीच्या दोन्ही टोकांना घ्यावीत. वाचन शून्याच्या जवळ हवे. ते खाली येत नसेल तर कॉन्टॅक्टर चिकटला आहे किंवा कपॅसिटर रिकामा करणारा रोधक गेला आहे. अशा वेळी स्क्रूड्रायव्हरने टोके जोडून दाब मारण्याचा उद्योग करू नये. झाकणे पुन्हा लावून काम थांबवावे आणि कंपनीच्या प्रशिक्षित माणसाला बोलवावे.

सर्व्हिस प्लग काढला तरी बॅटरी मेलेली नसते. प्लग सहसा सेलच्या साखळीच्या मध्ये असतो, म्हणजे ३६० व्होल्टच्या बॅटरीच्या आत १८० व्होल्टचे दोन जिवंत तुकडे उरतात. बॅटरीची पेटी उघडणे हे या कामाच्या कक्षेबाहेरचे आहे.

काढणे आणि बसवणे

केबलीच्या मार्गाचे आणि प्रत्येक क्लिपचे फोटो काढावेत. कपलरची लहान दुय्यम कडी आधी सरकवावी, मग मुख्य लिव्हर. जोर लावावा लागला तर काहीतरी अजून अडकलेले आहे. बॅटरीच्या उघड्या टोकावर लगेच इन्सुलेटेड टोपी लावावी. सॉकेटमध्ये मिठाचे थर असतील तर कंपनीने सांगितलेल्या क्लीनरने पुसून पूर्ण सुकवावे. चांदीचा मुलामा असलेल्या पिनांना पॉलिश पेपर लावू नये, मुलामा गेला की वर्षाच्या आत पुन्हा तेच. पिना खड्डे पडण्याइतक्या खाल्ल्या असतील तर समोरचे सॉकेटही बदलावे, नाहीतर नवी केबल काही महिन्यांत जुन्यासारखी होते.

नवी केबल जुन्या वाटेनेच न्यावी. वळणाची त्रिज्या कंपनीने दिली नसेल तर केबलीच्या बाहेरच्या व्यासाच्या पाचपटीहून कमी ठेवू नये. केबल पिळलेली नसावी, पत्र्याच्या कडेवर ग्रोमेटशिवाय (रबरी कड्याशिवाय) टेकू नये आणि तिला ब्रेकच्या पाइपला बांधू नये. कपलरपाशी येताना तिला किंचित खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळलेले पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते, सीलपर्यंत जात नाही.

लगचा बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळावा. टॉर्क किती हे पुस्तकातूनच घ्यावे. एम६ आणि एम८ (६ व ८ मिमी व्यासाच्या) बोल्टांत तो दुपटीहून अधिक बदलतो. पन्नास चौ. मिमीच्या तीन मीटर तांब्याचा रोध जेमतेम १ मिलिओहम असतो. तेवढाच रोध ढिल्या लगखाली वाढला तर २०० अँपिअरला ४० वॅट उष्णता नाण्याएवढ्या जागेत निघते आणि इन्सुलेशन तेथूनच वितळायला लागते. जास्त आवळल्यास इन्व्हर्टरचा पितळी स्टड फिरतो, आणि मग केबलीऐवजी इन्व्हर्टरचा खर्च येतो. आवळलेल्या बोल्टावर रंगाची रेघ ओढून ठेवावी.

कपलर चुकीच्या बाजूने बसत नाही, पण लग बोल्टाने बसणाऱ्या केबलींना ही सोय नसते. धन-ऋण उलटले तर इन्व्हर्टरमधील डायोडांतून थेट शॉर्ट होतो. फ्यूज उडतो आणि बहुधा इन्व्हर्टरही जातो. दोन्ही टोकांची खात्री मीटरच्या बझरने करावी, रंगाच्या पट्टीवर विसंबू नये.

चाचणी

कपलर जोडण्यापूर्वी, केबल दोन्ही टोकांना सुटी असतानाच मेगरने गाभा-शील्ड व गाभा-चासी ५०० व्होल्टवर एक मिनिट मोजावे. इन्व्हर्टर जोडलेला असताना मेगर फिरवला तर आतली यंत्रणा जाऊ शकते. शील्ड आणि पेट्यांची चासीशी जोडणी ०.२ अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाहाने मोजून ०.१ ओहमच्या खाली आहे का पाहावे. मग कपलर, सर्व्हिस प्लग, शेवटी १२ व्होल्ट, या क्रमाने जोडून दोष-संकेत पुसावेत. गाडी ‘रेडी’ झाली नाही तर बहुतेक वेळा इंटरलॉकची पिन वाकलेली किंवा कपलरची दुय्यम कडी अर्धवट निघते.

माल भरून अर्धा तास, शक्यतो चढावर, गाडी चालवावी. फोंड्याजवळच्या फर्मागुढीचा चढ पुरेसा आहे. परतल्यावर कपलर न उघडता इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही टोके पाहावीत. एक टोक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे गरम लागले तर पुन्हा दाब काढून टॉर्क तपासावा.

मेगरचे वाचन, तारीख आणि पाऊस होता की ऊन हे गाडीच्या नोंदवहीत लिहावे. मासळी वाहणाऱ्या किंवा फेरीबोटीवर जाणाऱ्या व्हॅनची हीच मोजणी मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुमारास अशी वर्षातून दोनदा करणे इष्ट. सलग दोन वाचनांत रोध दहापटीने घसरला तर चेतावणीचा दिवा लागण्याची वाट पाहू नये. काढलेली केबल भंगारात देण्यापूर्वी मधून कापावी, कारण अखंड राहिलेली नारिंगी केबल कुठल्या तरी गॅरेजमध्ये दुसऱ्या गाडीला लागते.