जिन: कायद्यांनी घडवलेली दारू

धान्यापासून काढलेलं बिनवासाचं मद्य घ्यायचं, त्यात ज्युनिपर या झुडपाची फळं, धने, लिंबाच्या साली वगैरे घालून पुन्हा गाळायचं, की जिन तयार. कृती एवढीच. पण तिचा इतिहास चाळला तर दारू गाळणाऱ्यांपेक्षा कर लावणारेच जास्त भेटतात.

मूळ हॉलंडचं. तिथे माल्टच्या कडक मद्यात ज्युनिपर घालून 'जेनेव्हर' करत. तिचा शोध सिल्व्हियस नावाच्या डॉक्टरने लावला, असं अजूनही छापलं जातं. पण त्याचा जन्म १६१४ चा, आणि जेनेव्हर त्याच्या लहानपणीच लोक पीत होते.

१६८९ मध्ये डच विल्यम इंग्लंडच्या गादीवर आला. फ्रान्सशी युद्ध पेटलेलं, त्यामुळे फ्रेंच ब्रँडी बंद. १६९० च्या कायद्याने इंग्लंडच्या धान्यापासून दारू गाळायला मोकळीक मिळाली. जमीनदारांच्या धान्याला गिऱ्हाईक मिळालं, सरकारला महसूल. लंडनच्या गरीब वस्त्यांना मिळाली टर्पेंटाइन मिसळलेली स्वस्त जिन.

व्यसन हाताबाहेर गेल्यावर १७३६ मध्ये विक्रीच्या परवान्याला वर्षाला ५० पौंड लावले. परवाने काढले मोजक्यांनी. बाकीचा धंदा चोरून सुरू राहिला. खबऱ्यांना बक्षीस होतं. डडली ब्रॅडस्ट्रीट या इरसाल गृहस्थाने कायदा नीट वाचला आणि त्यातली पळवाट हेरली: घर कोणाच्या नावावर आहे हे खबऱ्याला ठाऊक नसेल, तर कारवाई होत नाही. मग त्याने ओळखीच्या माणसाकरवी एक घर भाड्याने घेतलं आणि खिडकीला लाकडी मांजर ठोकलं. गिऱ्हाईक मांजराच्या तोंडात नाणं टाकी, पंजाखालच्या शिशाच्या नळीतून जिन येई. आत बसून ओतणारा कोण, हे कुणालाच कळत नसे. हे सगळं त्यानेच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, त्यामुळे थोडं तिखटमीठ धरून चाला. दारूबंदीतल्या मुंबईच्या हातभट्टीवाल्यांना हा बाबा जवळचा वाटला असता. १७४३ ला तो कायदा गुंडाळला. १७५१ चा कायदा जरा शहाणपणाचा होता.

चव बदलली ती मात्र यंत्राने. १८३० मध्ये ईनियस कॉफी या माजी अबकारी अधिकाऱ्याने (इथेही अबकारीच!) सलग चालणाऱ्या भट्टीचं पेटंट घेतलं. मद्य स्वच्छ निघू लागलं, मग वास झाकायला पूर्वीसारखी साखर कशाला? त्यातूनच कोरडी 'लंडन ड्राय' रुळली. हे नाव पद्धतीचं आहे, गावाचं नाही. गाळल्यानंतर वेगळा स्वाद घालायचा नाही, ही त्यातली मुख्य अट. युरोपात जिनमध्ये किमान ३७.५ टक्के अल्कोहोल लागतं.

गोव्यात २०१७ पासून 'ग्रेटर दॅन', 'हपुसा', 'स्ट्रेंजर अँड सन्स' अशा जिन निघाल्या. हपुसात हिमालयातलं ज्युनिपर असतं. गोव्यात दारूवरचा कर कमी, महाराष्ट्रात चढा. त्यामुळे बांद्याच्या नाक्यावर 'गोवा बनावटीची दारू' पकडल्याच्या बातम्या सिंधुदुर्गात वर्षभर येत असतात.