‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ : गूढ बोलांचा अन्वयार्थ

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचे गीत असून त्याचे शब्द आणि संगीत दोन्ही बँडचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी (१९४६–१९९१) याचे आहेत. ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी ते इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच महिन्यात ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ या अल्बममध्ये आले. रेडिओवर इतके लांब गाणे कोणी लावणार नाही, अशी शंका तेव्हा घेतली गेली होती. प्रत्यक्षात ते ब्रिटनच्या लोकप्रियता यादीत नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले आणि मर्क्युरीच्या निधनानंतर १९९१च्या अखेरीस पुन्हा त्या स्थानी पोहोचले. आपल्या हातून खून झाल्याची कबुली एक तरुण आईला देतो, त्याच्या सुटकेवरून दोन पक्षांत ओढाताण होते आणि शेवटी आपल्याला कशाचेच काही वाटत नाही असे सांगून तो गप्प होतो, एवढे कथासूत्र पहिल्याच ऐकण्यात ध्यानात येते. मात्र मेलेला माणूस कोण, मारण्याचे कारण काय, न्याय करणारे कोण आणि अखेर निकाल काय लागला, यांपैकी कशाचाही उलगडा गीत करत नाही. मर्क्युरीनेही तो जन्मभर केला नाही. ऐकणाऱ्याने ऐकावे, विचार करावा आणि आपला अर्थ आपण लावावा, एवढेच तो सांगत असे. या मौनामुळे गेली पन्नास वर्षे या गीताचे अर्थ लावले जात आहेत.

गीताला ध्रुवपद नाही. सुमारे सहा मिनिटांत केवळ आवाजांनी बांधलेली प्रस्तावना, पियानोवरचे संथ निवेदन, गिटारचे एकलवादन, ऑपेराच्या धाटणीचा संवाद, कडक रॉक आणि पुन्हा संथ समारोप असे भाग एकामागून एक येतात, आणि एकदा येऊन गेलेली चाल सहसा पुन्हा येत नाही. अर्थ लावणाऱ्यांचे बहुधा या रचनेकडे दुर्लक्ष होते. ते शब्दांत दडलेली किल्ली शोधतात. परंतु कोणता भाग कोणाला उद्देशून म्हटला आहे, हे पाहत गेल्यास गीत पुष्कळ उलगडते. संथ निवेदनात तरुण आईशी बोलतो. उद्या या वेळेला मी परतलो नाही तर तू तुझे आयुष्य पुढे चालू ठेव, असे तो सांगतो आणि त्याच दमात आपण जन्मलोच नसतो तर बरे झाले असते, असेही म्हणून जातो. ऑपेराच्या भागात आई नाहीशी होते. तिथे एका समूहाला त्याची केवळ आकृती दिसते, आणि त्याच्याविषयी बोलणे ‘तो’ या तृतीय पुरुषात सुरू होते: हा गरीब घरचा गरीब पोर आहे, त्याचा जीव वाचवा, अशी रदबदली एक बाजू करते, तर त्याला सोडणार नाही असे दुसरी बाजू पुन्हा पुन्हा बजावते. पुढच्या रॉकच्या भागात तो एकाच व्यक्तीवर उलटतो. मला दगड मारशील, तोंडावर थुंकशील आणि वर माझ्यावर प्रेमही करशील, असे तुला वाटतेच कसे, हा त्याचा सवाल आहे, आणि त्या व्यक्तीला तो प्रेमिकांच्या बोलीतल्या शब्दाने हाक मारतो. समारोपात मात्र तो कोणालाच उद्देशून बोलत नाही. आई, न्याय करणारा समूह, प्रिय व्यक्ती आणि मग कोणीच नाही, असा हा क्रम आहे. एका माणसाच्या आयुष्यातली माणसे क्रमाने कमी होत जाण्याची ही गोष्ट आहे, आणि खून खरा असो वा लाक्षणिक, तिला बाध येत नाही.

ऑपेराचा भाग सर्वांत दुर्बोध मानला जातो. त्यातली नावे पाहिली तर स्कारामूश हे जुन्या इटालियन विनोदी नाट्यपरंपरेतले बढाईखोर पण भित्रे पात्र आहे, फॅन्डँगो हे स्पॅनिश नृत्य आहे, फिगारो हा मोझार्ट आणि रोसिनी यांच्या ऑपेरांतला चतुर न्हावी आहे आणि बेलझबब हे सैतानाचे नाव आहे. गॅलिलिओ या नावाचा संबंध बँडचा गिटारवादक ब्रायन मे याच्याशी लावतात, कारण तो खगोलभौतिकीचा विद्यार्थी होता आणि पुढे २००७ मध्ये त्याने त्या विषयात पीएच.डी. मिळवली. तथापि ही नावे वाचण्यापेक्षा मोठ्याने म्हणून पाहिली की ती का निवडली असावीत हे अधिक समजते: बहुतेक नावे ‘ओ’ या स्वराने संपतात, आणि तो स्वर अनेक आवाजांनी एकत्र ताणण्यास सोयीचा आहे. निर्माता रॉय थॉमस बेकर याच्या देखरेखीखाली मर्क्युरी, मे आणि ढोलवादक रॉजर टेलर या तिघांनी आठवडेच्या आठवडे थरावर थर चढवत हा समूह ध्वनिफितीवर उभा केला. टेलरने वरच्या, मे याने खालच्या आणि मर्क्युरीने मधल्या पट्टीत गायिले. म्हणजे आरोपीला सोडा म्हणणाऱ्या आणि सोडणार नाही म्हणणाऱ्या, अशा दोन्ही समूहांत खुद्द आरोपीचा आवाज मिसळलेला आहे. हा खटला तरुणाच्या मनातच चालला आहे, या वाचनाला एवढा सबळ आधार गीतात दुसरा नाही, आणि तो शब्दांत नसून ध्वनिमुद्रणात आहे, ही गोष्ट मोलाची आहे. मैफलींत हा भाग प्रत्यक्ष गाणे शक्य नसल्यामुळे बँड तेवढ्यापुरता मंचावरून निघून जाई, ध्वनिफीत वाजवली जाई आणि रॉकचा भाग सुरू होताना सर्वजण परतत.

प्रचलित अन्वयार्थांपैकी साहित्यिक अंगाचा अर्थ फ्रेंच लेखक आल्बेर काम्यूच्या १९४२च्या ‘परका’ या कादंबरीकडे निर्देश करतो. निष्कारण हत्या, खटला आणि जगाविषयीची उदासीनता एवढे साम्य खरे आहे. पण काम्यूचा नायक आईच्या मृत्यूपासून कथेला सुरुवात करतो आणि दयेची याचना करत नाही. गीतातला तरुण आईला हाका मारतो आणि मरायचे नाही असे स्पष्ट सांगतो. त्यामुळे हे साम्य वरवरचे ठरते.

दुसरा अर्थ फाउस्टच्या कथेचा, म्हणजे सैतानाला आत्मा विकण्याचा आहे. २००४ मध्ये क्वीनच्या गाण्यांची कॅसेट इराणमध्ये अधिकृतपणे विक्रीस आली, तेव्हा सोबतच्या पत्रकात हाच अर्थ दिला होता: हातून चुकून हत्या घडलेल्या तरुणाने आत्मा सैतानाला विकला, आणि देहदंडाच्या आदल्या रात्री ‘बिस्मिल्ला’ म्हणून त्याने तो परत मिळवला. पाश्चात्त्य रॉकला अनुकूल नसलेल्या देशात हे गीत श्रोत्यांपर्यंत पोहोचण्यासाठी असा अर्थ उपयोगी पडला असणार, आणि त्यातली कळकळ नाकारण्याचे कारण नाही. परंतु गीत लक्षपूर्वक ऐकल्यास ‘बिस्मिल्ला’ हा शब्द सुटकेच्या याचनेला मिळालेल्या नकाराच्या अगदी तोंडाशी येतो. तरुणाने उच्चारलेला तारक मंत्र म्हणून तो तिथे बसत नाही. शिवाय आत्मा परत मिळालेला माणूस शेवटी कशाचेच काही वाटत नाही असे का म्हणेल, हा प्रश्नही उरतो.

तिसरा अर्थ मर्क्युरीच्या खासगी आयुष्याशी संबंधित आहे आणि आज तोच सर्वाधिक मानला जातो. गीतकार टिम राइस याच्यासह अनेकांच्या मते, आईजवळ कबूल केलेला खून म्हणजे आपल्या समलैंगिकतेची कबुली असून मेलेला माणूस म्हणजे मर्क्युरीचे आधीचे, जगासाठी वागवलेले रूप होय. इंग्लंडमध्ये समलैंगिक संबंध १९६७ पर्यंत गुन्हा होते. त्या संदर्भात खटला, दगड मारणे आणि थुंकणे या प्रतिमांना नेमके वजन येते. आईकडून प्रिय व्यक्तीकडे सरकणारे संबोधनही या अर्थाशी जुळते. तरीही याला सिद्ध झालेली गोष्ट मानता येत नाही, कारण मर्क्युरीचा स्वतःचा दुजोरा उपलब्ध नाही, आणि टेलरने मधला थोडा निरर्थक भाग सोडला तर गीत पुरेसे स्पष्ट आहे, एवढेच म्हटले आहे.

चरित्रातून अर्थ काढण्याचा मोह मराठी वाचकालाही होतो. झांझिबारमध्ये पारशी कुटुंबात जन्मलेला फारूख बुलसारा, म्हणजेच पुढचा फ्रेडी मर्क्युरी, आठव्या वर्षाच्या सुमारास पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात आला आणि तिथे ‘द हेक्टिक्स’ या शालेय बँडमध्ये पियानो वाजवू लागला. १९६४च्या झांझिबारच्या क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडला गेले. आईपासूनचा दुरावा आणि रातोरात सोडावे लागलेले घर या गीतात शोधणारे आहेत. बोलांमध्ये पाचगणीची कोणतीही खूण नाही. पियानोची बैठक मात्र त्या शाळेत पक्की झाली, आणि संबंध सांगायचा तर तो एवढाच सांगावा.

रचनेच्या प्रक्रियेवर प्रकाश टाकणारा खरा पुरावा सप्टेंबर २०२३ मध्ये लंडनच्या सदबीज लिलावात पुढे आला. एका विमान कंपनीच्या कोऱ्या कागदांवर मर्क्युरीने लिहिलेल्या मसुद्यांची सुमारे पंधरा पाने त्यात होती. त्यांपैकी एका पानावर शीर्षक आधी ‘मंगोलियन ऱ्हॅप्सडी’ असे लिहून ‘मंगोलियन’ खोडले आहे, आणि दुसऱ्या ठिकाणी तरुण आईला खुनाची कबुली देण्याऐवजी युद्ध सुरू झाल्याचे व आपल्याला आज रात्रीच निघावे लागणार असल्याचे सांगतो. म्हणजे एका टप्प्यावर हा तरुण आरोपी नसून सैनिक होता. दुसरीकडे, मर्क्युरीचा कलाशाळेतला सहकारी ख्रिस स्मिथ याच्या आठवणीनुसार आई आणि खून यांची ओळ १९६०च्या दशकाच्या अखेरीस एका अपुऱ्या ‘काउबॉय गीता’त आधीच होती. आठवण आणि कागद यांचा मेळ सहज बसत नाही. कदाचित मर्क्युरीने जुनी ओळ बाजूला ठेवून युद्धाचा पर्याय तपासला असेल आणि मग जुन्याकडे परतला असेल. दोन्हींत समान राहते ते निरोपाचे दृश्य: आई, रात्र आणि परत न येण्याची शक्यता. ज्या घटनेवर बहुतेक अन्वयार्थ उभे आहेत ती घटना लिहिताना बदलत होती, दृश्य बदलत नव्हते. त्यामुळे खुनाला कोणत्याही एका चरित्रात्मक घटनेचे सांकेतिक रूप ठरवणाऱ्यांना या पानांना आधी उत्तर द्यावे लागते.