डोक्यातला ठिपका: लोखंड की चुना?

इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या माझ्या आत्याच्या मेंदूच्या एमआरआयमध्ये ज्वारीच्या दाण्याएवढा काळा ठिपका निघाला. तिचे हृदयाचे ठोके अनियमित पडतात, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी सुरू करायची होती. ठिपका जुन्या रक्तस्रावाचा असेल तर डॉक्टरांना गोळीचा पुन्हा विचार करावा लागणार होता, कॅल्शियमचा असेल तर फारसं बिघडत नव्हतं. पंचाईत अशी, की त्या चित्रात दोन्ही काळेच दिसतात.

आपलं शरीर बहुतांशी पाण्यासारखं, म्हणजे चुंबकाला अगदी किंचित दूर सारणारं. साचलेल्या रक्तातलं लोखंड आजूबाजूच्या ऊतींपेक्षा चुंबकाकडे झुकतं, कॅल्शियम उलट आणखी दूर सारतं. यंत्राचं चुंबकीय क्षेत्र मात्र दोघंही विस्कटतात आणि जिथे ते विस्कटलं तिथल्या पाण्याकडून यंत्राला येणारा संदेश लवकर विझतो. काळेपणा कळतो तो एवढाच, की इथे काहीतरी गडबड आहे.

गडबड कुठल्या दिशेची, हे संदेशाच्या फेजमध्ये, म्हणजे त्याची फेरी कुठवर आली आहे त्यात, असतं. ३ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप) यंत्रात पाण्यातले प्रोटॉन सेकंदाला सुमारे १२.८ कोटी फेऱ्या मारतात. क्षेत्र कोटीत एका भागानं वाढलं, की त्यांच्या फेऱ्या सेकंदाला तेराएक जास्त होतात. २० मिलिसेकंदांत हा फरक पाव फेरीचा: गांधी हॉलच्या घड्याळाचा काटा १२ वरून ३ वर यावा तेवढा. रोजच्या तपासण्यांत ही फेजची माहिती वर्षानुवर्षं सरळ टाकून दिली जायची!

टाकून देण्यालाही कारण होतं. काटा ३ वर दिसला, तर तो पाव फेरी फिरला की सव्वा, हे घड्याळ सांगत नाही. शेजारच्या बिंदूंशी ताडून ठरवावं लागतं. शिवाय नाकामागच्या पोकळ्यांतल्या हवेमुळे क्षेत्र इतकं वाकतं, की ठिपक्याचा आवाज रात्रीच्या सराफ्यातल्या कुजबुजीसारखा दबून जातो. तो गोंगाट आधी गणितानं वजा करायचा.

त्यानंतरची पायरी सगळ्यात अवघड. लोखंडाचा कण आपल्या वरखाली, मुख्य क्षेत्राच्या रेषेत, क्षेत्र वाढवतो आणि कडेला घटवतो. मध्ये सुमारे ५५ अंशांच्या कोनात परिणाम शून्य. म्हणजे परिणामावरून उगम शोधायला गेलं तर थोडी माहिती मुळातच गायब असते, आणि नुसतं उलट गणित केलं तर चित्रभर पट्टे उमटतात. डोकं वेगवेगळ्या दिशांना कलवून पुन्हा पुन्हा स्कॅन केला, की ही उणीव भरून निघते. पण आमच्या आत्याची मान! म्हणून बहुतेक ठिकाणी ‘शेजारच्या ऊती साधारण सारख्याच असणार’ असा अंदाज गणितात घालून भागवतात.

यातून तयार होणाऱ्या, कुठला भाग चुंबकाकडे किती झुकतो हे दाखवणाऱ्या नकाशाला क्यूएसएम (क्वांटिटेटिव्ह ससेप्टिबिलिटी मॅपिंग) म्हणतात. त्यात काळं-पांढरं नव्हे, आकडे असतात: लोखंड अधिक, कॅल्शियम उणे. निरोगी मेंदूतल्या काही गाभ्यांतही (पेशींच्या पुंजक्यांत) वयाबरोबर लोखंड साठतं, हे हालग्रेन आणि सूरांदर या संशोधकांनी १९५८ मध्ये मृतांच्या मेंदूंचं रासायनिक पृथक्करण करून दाखवलं होतं. तेच आता जिवंत माणसात मोजता येतं. पार्किन्सनच्या रुग्णांत मेंदूच्या ‘काळ्या गाभ्या’त ते जास्त भरतं, म्हणून संशोधकांचा त्यावर डोळा आहे.

आत्यासाठी एवढा खटाटोप लागला नाही. रेडिऑलॉजिस्टनं साधं फेजचं चित्र उघडलं. त्यातही एक खोच: एका कंपनीच्या यंत्रात लोखंड गडद, तर दुसऱ्याच्या यंत्रात उजळ दिसतं. मग जवळची एक शीर बघायची. शिरेतल्या रक्तानं ऑक्सिजन सोडलेला असतो आणि असं रक्त चुंबकाकडे झुकतं, हे पॉलिंग आणि कोरियेल या रसायनशास्त्रज्ञांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं. ठिपका शिरेसारखा दिसला तर रक्त, उलटा दिसला तर कॅल्शियम. आत्याचा उलटा होता. खात्रीसाठी सीटी स्कॅन केला, तिथे तो पांढराशुभ्र चमकला. कॅल्शियमच.

“म्हणजे चुना म्हण की,” आत्या म्हणाली. “जन्मभर पानाला लावला, थोडा वर चढला असेल.”