न्यू ऑर्लिन्स: काय पाहायचं, काय खायचं, आणि ते तिथं आलं कसं

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या न्यू ऑर्लिन्सला निघालेल्या माणसाच्या हातात पडणारी यादी साधारण ठरलेली असते. फ्रेंच क्वार्टरमधल्या लोखंडी जाळीच्या गॅलऱ्या बघा, जॅक्सन स्क्वेअरजवळ बसून साखर भुरभुरलेले तळलेले बेन्ये आणि चिकोरीची कॉफी घ्या, दुपारी पो-बॉय सँडविच, रात्री गंबो, मध्ये कुठंतरी एक सॅझरॅक कॉकटेल, आणि बर्बन स्ट्रीटवर प्लास्टिकच्या पेल्यातलं हरिकेन. यादीत खोट काढण्यासारखं काही नाही. फक्त तिच्यातल्या निम्म्याहून अधिक गोष्टी अडचणीपायी जन्मलेल्या आहेत. आग लागली, नाकेबंदी झाली, संप लांबला, नेहमीचा माल मिळेना, तेव्हा हाताशी होतं त्यात भागवलं गेलं आणि तेच पुढं शहराचं भूषण ठरलं.

शहर वसवलं फ्रेंचांनी, १७१८ साली. बिएनव्हिल या अधिकाऱ्यानं मिसिसिपीच्या वळणावरची ही जागा निवडली, कारण तिथला काठ आजूबाजूच्या दलदलीपेक्षा जरा उंच होता. उंच म्हणजे फार नव्हे, नदीनं पुरामागून पूर गाळ टाकून केलेली काही फुटांची चढण. तिची किंमत २९ ऑगस्ट २००५ ला कळली. कत्रिना वादळात बांध फुटले, शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला, आणि बिएनव्हिलनं निवडलेला जुना भाग, म्हणजे आजचं फ्रेंच क्वार्टर, बहुतांशी कोरडा राहिला.

त्या क्वार्टरमध्ये फ्रेंच बांधकाम मात्र फारसं उरलेलं नाही. १७६२ च्या गुप्त करारानं फ्रान्सनं न्यू ऑर्लिन्ससकट हा मुलूख स्पेनला देऊन टाकला होता. २१ मार्च १७८८ ला, गुड फ्रायडेच्या दिवशी, शहराला आग लागली आणि ८५६ इमारती गेल्या. त्या दिवशी घंटा वाजवायची नसते म्हणून पाद्र्यांनी आगीची घंटासुद्धा वाजवू दिली नाही, ही गोष्ट तिथले गाइड रंगवून सांगतात. १७९४ च्या डिसेंबरात पुन्हा आग, पुन्हा दोनशेवर इमारती खाक. मग स्पॅनिश कारभाऱ्यांनी नियम कडक केले. विटांच्या भिंती, वर गिलावा, कौलं, रस्त्याला लागून घरं, आणि आत वाड्यासारखा फरसबंद चौक. आज फोटोत ‘फ्रेंच’ म्हणून जे येतं ते हे. खऱ्या फ्रेंच काळातलं काही पाहायचं असेल, तर चार्टर्स स्ट्रीटवरचा उर्सुलाइन पंथाच्या नन्सचा मठ गाठावा. तशा इमारती बोटांवर मोजण्याइतक्याच राहिल्या आहेत.

लोखंडी जाळीच्या रुंद गॅलऱ्या तर त्याहूनही उशिराच्या, आणि त्यांची टूम रुजवण्यात मोठा वाटा एका बाईचा. जॅक्सन स्क्वेअरच्या दोन बाजूंना लाल विटांच्या दोन लांबच लांब इमारती आहेत. त्या मिकाएला पोंताल्बा हिनं १८४९ ते १८५१ या काळात उभारल्या. तिचे वडील आल्मोनेस्तेर हे स्पॅनिश काळातले बडे धनिक. आगीनंतर कॅथीड्रल आणि शेजारचं काबिल्दो, म्हणजे नगरपरिषदेची कचेरी, बांधायला पैसा त्यांनीच पुरवला. लेक लग्न होऊन फ्रान्सला गेली. सासऱ्याचा डोळा तिच्या इस्टेटीवर. वर्षानुवर्षं कज्जे चालले, आणि १८३४ मध्ये सासऱ्यानं तिच्या छातीत गोळ्या झाडून स्वतःलाही संपवलं. तो मेला, ही जगली. तिनं पॅरिसमध्ये एक हवेली बांधली, जिथं आता अमेरिकेचे राजदूत राहतात. मग पन्नाशी उलटल्यावर न्यू ऑर्लिन्सला येऊन या इमारतींच्या मागे लागली. गॅलरीच्या जाळीत ए आणि पी ही दोन अक्षरं गुंफलेली दिसतात, माहेरचं आडनाव आणि सासरचं. कॉफीच्या रांगेत उभं राहण्याआधी मान वर करून ती शोधावीत.

काबिल्दोतच २० डिसेंबर १८०३ ला फ्रान्सनं लुइझियाना अमेरिकेच्या हवाली केलं. स्पेननं ते आधी फ्रान्सला परत केलं होतं आणि नेपोलियननं दीड कोटी डॉलरांना विकलं. इतका मोठा जमिनीचा सौदा इतक्या स्वस्तात क्वचितच झाला असेल, आणि त्या जमिनीवर राहणाऱ्या आदिवासींना कुणी विचारलंही नाही.

आता जेवणाकडे. १७१९ मध्ये आफ्रिकेतून गुलाम घेऊन पहिली दोन जहाजं लुइझियानात आली. कप्तानांना सूचना होती की भातशेती जाणणारी काही माणसं आणि बियाण्यासाठी भाताची तीन-चार पिंपं बरोबर आणावीत. माणूस आणि बी एकाच यादीत. या शहराच्या ताटात भात आला तो असा, आणि तो नसता तर गंबोही नसता, सोमवारची लाल राजम्याची भाजीही नसती. सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस. रविवारच्या हॅमचं हाड टाकून राजमा चुलीवर चढवला की बाईला धुणं उरकेपर्यंत तिकडं बघायला लागत नसे. आजही अनेक खानावळींत सोमवारी हाच बेत असतो.

गंबो म्हणजे भातावर घ्यायचा दाट रस्सा, कोलंबी-खेकड्यांचा किंवा कोंबडी-सॉसेजचा. त्यात भेंडी आफ्रिकेची. भेंडी नसेल तेव्हा घालायची सॅसाफ्रास झाडाच्या पानांची पूड चॉक्टॉ आदिवासींची. बुडाशी असतो तो फ्रेंच रू. तेल किंवा लोण्यात मैदा मंद आचेवर ढवळत राहायचा, पिवळा, मग तांबूस, मग चॉकलेटी होईपर्यंत. हात थांबला आणि काळे ठिपके दिसले, की सगळं फेकून नव्यानं सुरुवात. पानांची पूड भांडं खाली उतरवल्यावरच घालायची, उकळली तर रस्सा तारेसारखा चिकट होतो. मार्गदर्शिकांत याला ‘फ्रेंच वारसा’ म्हणतात. मला ते पटत नाही. फ्रेंच मालकाच्या स्वयंपाकघरात ढवळणारा हात कुणाचा होता हे उघड आहे.

गुलामांना रविवारची सुट्टी असे. त्या दिवशी ते शहराच्या मागच्या मैदानावर जमत, माल विकत, ढोल वाजवत, नाचत. १८१७ मध्ये नगरपालिकेनं अशा जमावासाठी एकच जागा नेमून दिली. तेच काँगो स्क्वेअर, आता आर्मस्ट्राँग पार्कचा भाग. जॅझची मुळं शोधणारे तिथं जातात. खाण्यापिण्याची मुळं शोधणाऱ्यांनीही जावं. कृष्णवर्णीय बाया डोक्यावर टोपली घेऊन ‘काला’ विकत. शिजवलेला भात आंबवून, पीठ-साखर-जायफळ घालून तळलेले हे गोळे. स्पॅनिश कायद्यानं गुलामाला स्वतःची किंमत भरून सुटता येई, आणि काहींनी त्यासाठीचे पैसे असे तळणीतून जमवले. बेन्येला आज जगभर नाव आहे, काला मात्र शोधावा लागतो.

काँगो स्क्वेअर ज्या ट्रेमे वस्तीत आहे, तिथंच १९४१ मध्ये सुरू झालेलं डूकी चेज हे रेस्टॉरंट आहे. लिआ चेज या सुनेनं सँडविचच्या दुकानाचं टेबलक्लॉथवालं रेस्टॉरंट केलं. गोऱ्या-काळ्यांनी एकत्र बसून जेवणं बेकायदा होतं त्या काळात वरच्या मजल्यावर नागरी हक्क चळवळीच्या बैठका होत आणि खालून गंबो वर जाई. बराक ओबामांनी चव न घेताच गंबोत तिखट सॉस ओतला, तेव्हा लिआबाईंनी त्यांनाही फटकारलं होतं. त्या २०१९ मध्ये गेल्या, रेस्टॉरंट चालू आहे. शहरात एकच जेवण होणार असेल तर ते इथं करावं.

पेयांची कथा हैतीमार्गे येते. तिथल्या गुलामांच्या क्रांतीतून पळालेले लोक आधी क्यूबात थांबले आणि १८०९ मध्ये नऊ हजारांवर न्यू ऑर्लिन्सला पोचले. शहराची लोकसंख्या जवळपास दुप्पट झाली. अशाच एका कुटुंबातला आंत्वान पेशो रॉयल स्ट्रीटवर औषधांचं दुकान चालवी. त्याचं लालसर कडू बिटर्स ब्रँडीत घालून घ्यायची पद्धत पडली. ब्रँडी ‘साझेराक’ नावाच्या घराण्याची, त्यावरून पेयाला नाव. पुढं १८७० च्या दशकात फायलॉक्सेरा किडीनं फ्रान्सचे द्राक्षमळे खाल्ले, कोन्याक ही तिथली ब्रँडी मिळेना, म्हणून राय व्हिस्की आली. पेल्याला आतून अ‍ॅब्सिंथ फिरवून ओतून द्यायची रीत होती, तर १९१२ मध्ये अमेरिकेत अ‍ॅब्सिंथवरच बंदी आली. मग बडीशेपेच्या वासाचं स्थानिक हर्बसेंट. म्हणजे बिटर्स सोडलं तर या पेयातलं जवळजवळ सगळं एकेकदा बदललेलं आहे, आणि २००८ मध्ये राज्याच्या विधिमंडळानं त्याला शहराचं अधिकृत कॉकटेल जाहीर केलं.

हरिकेनची गोष्ट याच वळणाची, पण कमी खानदानी. दुसऱ्या महायुद्धात व्हिस्कीचा तुटवडा होता आणि रमचा महापूर. व्हिस्कीची पेटी हवी तर रमच्या अनेक पेट्या उचला, असा ठोक विक्रेत्यांचा हेका. पॅट ओब्रायन्सच्या बारनं ती रम खपवायला गोड लाल सरबतात मिसळली. चवीला मुलांच्या सरबतासारखं लागतं आणि एकाच पेल्यात पाय लटपटतात, तेव्हा सांभाळून. पेय हातात घेऊन रस्त्यावर चालायला तिथं मुभा आहे, फक्त काच चालत नाही. म्हणून दारातच प्लास्टिकचा पेला देतात.

कॉफीतली चिकोरीही अशीच. फ्रेंचांना तिची सवय नेपोलियनच्या काळातल्या टंचाईपासून होती. अमेरिकी यादवीत बंदरांची नाकेबंदी झाली, एप्रिल १८६२ मध्ये शहर उत्तरेच्या ताब्यात गेलं, कॉफी महागली आणि भाजलेलं चिकोरीचं मूळ पुन्हा कामी आलं. कॅफे द्यू माँद आपला जन्म त्याच १८६२ चा सांगतं. फिल्टर कॉफी पिणाऱ्या मराठी जिभेला ही चव घरचीच वाटेल.

गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांवर मजूर हवे होते, ते सिसिलीहून आले. फ्रेंच क्वार्टर तेव्हा पडझडीला आलेलं, भाडं कमी, म्हणून तिथं स्थिरावले. १८९१ मध्ये पोलीस प्रमुखाच्या खुनावरून जमावानं तुरुंग फोडून ११ इटालियनांना ठार केलं. शहरानं त्याची अधिकृत माफी २०१९ मध्ये मागितली. आज पर्यटक डेकेटर स्ट्रीटवर १९०६ च्या सेंट्रल ग्रोसरीत मफलेटा शोधत येतात. गोल पाव, सलामी, चीज आणि तेलात मुरलेल्या ऑलिव्हची कोशिंबीर. अर्धा दोघांना पुरतो.

पो-बॉयची जन्मकथा मला सगळ्यांत आवडते. १ जुलै १९२९ ला ट्रामच्या हजारावर कर्मचाऱ्यांनी संप पुकारला. कंपनीनं बाहेरून माणसं आणली, दंगल झाली, ट्राम जाळली गेली. बेनी आणि क्लोव्हिस मार्टिन हे भाऊ पूर्वी स्वतः ट्रामवर कंडक्टर होते, आता त्यांचं खाण्याचं दुकान होतं. त्यांनी युनियनला पत्र लिहिलं की संपकऱ्यांना आमच्याकडे फुकट खायला मिळेल. नेहमीचा फ्रेंच पाव टोकांना निमुळता, त्यामुळं वाटणीत कुणाला तरी कमी येई. जॉन जेंदूसा या बेकरीवाल्यानं दोन्ही टोकांपर्यंत सारख्या जाडीचा लांब पाव काढून दिला. संपकरी आला की ‘आला आणखी एक पुअर बॉय’, म्हणजे बिचारा, असं आतून म्हणत, आणि पावाला तेच नाव चिकटलं. त्या वेळी आत बटाट्याच्या तळलेल्या फोडी आणि रस्साही भरत. आता कोलंबी, कालवं, बीफ. लेट्यूस-टोमॅटो-लोणचं-मेयोनेझ हवं असेल तर ‘ड्रेस्ड’ म्हणायचं.

मार्डी ग्राबद्दल थोडक्यात. गोव्यातल्या कार्निव्हालचा शेवटचा मंगळवार आणि हा मंगळवार एकच, कॅथलिक उपवासाच्या आदला. इथली संघटित मिरवणूक १८५७ पासूनची. १९९२ मध्ये शहरानं मंडळांना वंशभेद सोडायला लावला, तेव्हा काही जुन्या मंडळांनी मिरवणूकच सोडली.

१९३७ पासून क्वार्टरच्या जतनासाठी आयोग आहे. नदीकाठानं उंच महामार्ग न्यायचा बेत १९६९ मध्ये रद्द झाला, याचा आनंद सगळ्या मार्गदर्शिका सांगतात. पण जवळच ट्रेमेमधल्या क्लेबोर्न अ‍ॅव्हेन्यूवरचे जुने ओक १९६६ मध्ये तोडले गेले. त्या सावलीत कृष्णवर्णीय कुटुंबं मार्डी ग्राला जमत, दोन्ही बाजूंना त्यांची दुकानं होती. तिथं महामार्ग झाला. अजून आहे. त्याच्या खांबांवर नंतर ओकची चित्रं काढण्यात आली.

१९७५ नंतर व्हिएतनामी कॅथलिक निर्वासित शहराच्या पूर्व टोकाला वसले. फ्रेंच वसाहतीतून आलेल्या या लोकांना पाव कसा भाजायचा ते ठाऊक होतं. १९८२ मध्ये निघालेल्या डोंग फुओंग बेकरीचा पाव आज शहरातल्या कितीतरी पो-बॉयवाल्यांकडे जातो, आणि कत्रिनानंतर काही वर्षांनी तिथं किंग केकही बनू लागला. हा केक ६ जानेवारी ते मार्डी ग्रा एवढ्याच दिवसांत मिळतो. बेकरी फ्रेंच क्वार्टरपासून बरीच लांब आहे, गाडी लागेल, आणि हंगामात पहाटेच रांग लागते.