फोटोवरून चित्र काढण्यामागचा इतिहास: अजिंठा, कॅमेरा आणि टोन

मोबाइलमधल्या फोटोवरून देवगिरीचा किल्ला रंगवायला बसलेला विद्यार्थी आधी रंग शोधतो: दगडाचा काळा, वाळलेल्या गवताचा पिवळा. कलाशिक्षक त्याला डोळे किलकिले करून बघायला सांगतात. मग तपशील विरतात आणि उजेड-सावलीचे चार-पाच मोठे भाग उरतात. कोणता भाग किती गडद, किती फिका, हाच टोन. रंग थोडा चुकला तरी चित्र तरते, टोन चुकला की पडते.

मराठवाड्यात ही जाण कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीची आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात, म्हणजे चित्रकलेवरच्या भागात, छायांकनाला ‘वर्तना’ म्हटले असून तिचे पत्रज, ऐरिक आणि बिंदुज असे तीन प्रकार दिले आहेत. बिंदुज म्हणजे ठिपक्यांनी आणलेली छाया. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व, पाहा. नाकाच्या दांडीवर उजेड, कडांकडे गडद होत जाणारा वर्ण, मागे काळोखी पार्श्वभूमी. हा उजेड एका दिशेने आलेला नाही, तो चित्रकाराने ठरवला आहे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. रचनेचेही तसेच. त्या भिंतींवर प्रसंगांना चौकटी नाहीत, नजर एका घोळक्यातून दुसऱ्यात सरकते. चारी बाजूंनी कापलेला आयत आपल्याला फोटोने इतका सवयीचा केला.

याच अजिंठ्यात चित्र आणि फोटो शेजारी आले. 1840च्या दशकात मद्रास लष्करातला रॉबर्ट गिल भित्तिचित्रांच्या नकला करायला आला. त्याची बहुतेक तैलचित्रे 1866मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. त्याआधीच त्याने कॅमेराही हाती घेतला होता. 1872पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी आणून पुन्हा नकला करवल्या. त्यातल्याही कित्येक 1885मध्ये लंडनमध्येच जळाल्या. निजामी राजवटीतले पुरातत्त्वज्ञ गुलाम याझदानी यांनी 1930 ते 1955 या काळात अजिंठ्यावरच्या ग्रंथाचे चार भाग छायाचित्रांसह प्रसिद्ध केले.

तरी सुरुवातीच्या फोटोवर टोनसाठी विसंबता आले नसते. त्या काळच्या काचेच्या प्लेटला मुख्यतः निळा-जांभळा प्रकाशच उमटवता येई. म्हणून आकाश पांढरे पडे आणि गेरूचा लाल जवळजवळ काळा होई. अजिंठ्याच्या भिंतीवर गेरूच गेरू! 1873मध्ये हर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने प्लेटमध्ये रंगद्रव्य मिसळून तिला हिरव्या-पिवळ्याचीही जाण आणली. लाल रंग त्यानंतर बऱ्याच वर्षांनी नीट उमटू लागला.

आजचा मोबाइल उलटी चूक करतो. सावल्या आपोआप उजळवतो, लख्ख भाग दाबतो आणि सगळे सारख्याच टोनचे करून टाकतो. शिवाय रुंद लेन्समुळे पुढचा रस्ता ऐसपैस दिसतो, देवगिरीचा डोंगर मागे टेकाडाएवढा होतो. हे फोटो जसेच्या तसे चौकटी आखून उतरवले, की चित्रात किल्ल्याचा दरारा उरत नाही.

म्हणून फोटो आधी कृष्णधवल करावा. वहीच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढी तीन-चार कच्ची रेखाटने करावीत, प्रत्येकात फक्त तीन टोन: पांढरा, मधला, काळा. एखाद्यात रस्ता निम्मा कापावा, एखाद्यात डोंगर वरच्या कडेला भिडवावा. शक्य असेल तर दिवसाच्या ज्या वेळी फोटो काढला त्याच वेळी किल्ल्यापाशी जाऊन उभे राहावे आणि मोबाइलने उजळवलेली सावली खरोखर किती गडद आहे ते डोळ्यांनी पाहून वहीत टिपून घ्यावे.